ऋचाची खोडलेली उत्तरं

नागनाथ शाळेतून आला तो उजवा हात चड्डीच्या खिशात घालूनच. भामानं ताट वाढलं तरी हात काही बाहेर निघेना. पोरगं डाव्या हातानं वरण-भात कालवायला लागलं तेव्हा तिनं विचारलं, "हाताला काय झालं रे?"

"दारात सापडलं."

सात वर्षांचं पोर, खोटं बोलायचा सराव नव्हता. भामानं मनगट धरून हात ओढला. करंगळीशेजारचं बोट कोवळ्या वांग्यासारखं फुगलेलं, जांभळं, आणि मधल्या पेरापासून भलत्याच दिशेला निघालेलं. दोन वर्षांनी मोठी अनुराधा भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडं नुसतं बघितल्यावर तिनं सगळं ओकलं. नागूनं वर्गात लघवीला जाऊ का म्हणून मराठीत विचारलं. टीचरनं आधी तळहातावर तीन मारल्या, मग हात उलटा करायला लावून फूटपट्टीच्या पत्र्याच्या कडेनं आणखी तीन. लघवी बाकावरच झाली. त्याबद्दल दोन वेगळ्या.

त्या सालात, म्हणजे चौऱ्याण्णवच्या सुमाराला, हैदराबादच्या काचीगुड्यात गल्लीगल्लीत इंग्रजी शाळा उगवल्या होत्या. ही तर पिठाच्या गिरणीच्या माडीवरच होती. खाली गहू दळायचे, वर पोरं.

भामानं आधी हाडं बसवणाऱ्याकडं नेऊन पोराच्या बोटाला अंडं-चुन्याची पट्टी बांधून आणली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, ती भांडायला म्हणून नव्हे. असं ती पुढं कायम सांगायची, आणि ते खरंही असावं, कारण जाताना तिनं वेणीफणी केली होती. भांडायला निघालेली बाई वेणी घालत बसत नाही.

टीचर वीस-बावीस वर्षांची पोर होती. खडूनं हात पांढरे. म्हणाली, "कुछ नहीं हुआ अम्मा, डिसिप्लिन है." एवढं म्हणून ती फळ्याकडं वळली. टेबलावर ती फूटपट्टी पडलेली होती. भामानं ती उचलली, टीचरचा हात ओढून टेबलावर दाबून धरला आणि बोटांच्या सांध्यांवर कडेनं ठेवून दिली. मनगटातल्या घड्याळाची काच फुटली. टीचर किंचाळली. भामानं दुसरी हाणली. आणि दुसरीच्या वर्गातली ती पोरं, सवयच तशी लावलेली, एका सुरात मोजायला लागली. वन. टू. थ्री.

चौथीला गिरणीवाला आणि शिपाई वर आले नि त्यांनी तिला धरून जिन्यावरून खाली आणलं.

दोन्ही पोरांचे दाखले दुसऱ्या दिवशी घरपोच आले. खाली लाल शाईत एक ओळ होती. अनुराधानं वाचून सांगितलं, "आई, लिहिलंय की आई मारकुटी आहे." हा दाखला घेऊन भामा आणखी चार शाळांत गेली. चारही ठिकाणी लाल ओळ आधी वाचली गेली आणि पोरं नंतर बघितली गेली.

शिवराजनं, म्हणजे नवऱ्यानं, तिला त्या आठवड्यात दोनदा मारलं. एकदा शाळेपायी, आणि एकदा शाळेचं नाव काढून पण खरं तर ऑफिसपायी. तो एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होता. तिथं कंप्युटर आला होता, आणि कंप्युटरबरोबर एक इंग्रजी बोलणारी मुलगी आली होती. बारा वर्षं ज्या बिल्ट्या, मालाच्या पावत्या, त्यानं हातानं लिहिल्या त्या ती पोरगी चहा पीत पीत काढायची. घरी येऊन तो म्हणायचा, "आता बाहेरच्या कंपन्या येणार. इंग्रजी नाही त्यानं हमाली करायची." असं म्हणताना त्याच्या आवाजात भीती असायची, आणि भीतीची मूठ फार लवकर वळते. दुसऱ्या वेळी भामाचं डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. भुवईपाशी टाका पडला.

टाका पडला तेव्हा तोच जरा नरमला. म्हणाला, "मग काय करायचं ठरवलंस पोरांचं?"

"घरी शिकवते."

"तू? तिसरी नापास?"

"तिसरी सोडली. नापास नव्हते."

शेवटी त्यानं निकाल दिला. विद्यानगरला एक शाळा होती, ती दाखला बघत नव्हती, जूनमध्ये स्वतःची परीक्षा घ्यायची. इंग्रजी आणि गणित. पोरं त्यात पास झाली तर ठीक. नाही तर दोघांना उदगीरकडं गावी पाठवायचं, अप्पांकडं. अप्पा त्यांना सरळ करतील.

हे अप्पा म्हणजे शिवराजचे वडील अप्पाराव, पस्तीस वर्षं गावच्या शाळेत मास्तर. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, मराठीतून शिकवलेले, इंग्रजीच्या वाटेला न गेलेले. आणि भामानं तिसरी सोडली ती ह्याच अप्पारावांच्या वर्गातून. तिच्या डाव्या पोटरीवर एक पांढरा पट्टा होता. पुढं त्याच घरात सून म्हणून जायचं नशिबात आलं. लग्नात सासऱ्याच्या पाया पडताना तिची पोटरी आपोआप आखडली, आणि बायकांना वाटलं नवरी लाजली.

दसऱ्याच्या महिनाभर आधी अप्पाराव हैदराबादला आले ते मुक्कामालाच. वळकटीत बांधून त्यांनी पोरांना मारायचा निरगुडीचा फोक आणला होता. तेल पाजून पाजून काळा झालेला, हलवला की हवेत शीळ घालणारा. त्यांच्या शाळेत दसऱ्याच्या पाटीपूजनाला पाटीशेजारी फोकही मांडायचे, त्याला कुंकू लावायचे. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची आणि त्या वर्षी शिकायची पुस्तकं तिच्यापुढं ठेवायची. पूजेला बसलं ते पुस्तक वर्षभर बदलायचं नाही.

म्हणून पुस्तकं दसऱ्याच्या आत ठरवायची होती, आणि त्यावरून घरात पानिपत झालं. अप्पारावांनी महाराष्ट्राच्या सरकारी मराठी शाळेची पुस्तकं एसटीच्या कंडक्टरबरोबर आधीच मागवून घेतली होती. खालच्या मजल्यावरची भाग्यलक्ष्मी, घरमालकीण, म्हणाली, "राहायचं आंध्रात आणि शिकायचं लातूरचं? तेलुगू पुस्तकं घे गं." तिनं त्यांचा गठ्ठाही आणून ठेवला. शिवराजनं दोन्ही गठ्ठ्यांना लाथ मारली. मराठीचा गठ्ठा मोरीत गेला. अप्पाराव म्हाताऱ्या हातानं ओली पुस्तकं झटकत बसले आणि म्हणाले, "कुठलंही आणा रे. पुस्तकं वेगळी वेगळी असतात. शिकवतो तो फोक. तो एकच असतो."

भामा रविवारी आबिड्सला गेली. तिथं फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. एका ढिगामागं मेंदी लावलेल्या दाढीचे एक चाचा बसले होते.

"बच्चा कित्ते में पढ़ता अम्मा?"

"घर में पढ़ता."

"घर में कौन पढ़ाता?"

"मैं."

"तुम कित्ता पढ़े?"

"तीसरी. वो भी आधी."

चाचांनी तिच्या भुवईवरच्या टाक्याकडं बघितलं, मग ढिगाकडं. "तो ऐसी किताब देऊँ जो खुद पढ़ाती," म्हणाले, आणि खालून एक जुडगा ओढून काढला. इंग्रजीची नि गणिताची पुस्तकं, त्यातच उत्तरं लिहायची, दुसरीपासून चौथीपर्यंत. आणि सगळी उत्तरं शिसपेन्सिलीनं आधीच लिहिलेली. पहिल्या पानावर मराठीत नाव होतं, ऋचा गोखले. कुण्या पुण्याच्या नोकरदाराची पोरगी असावी, पुस्तकं बदलीच्या वेळी रद्दीत गेलेली. भामानं पानं चाळली. अक्षर मोत्यासारखं. भरलेलं पुस्तक म्हणजे तपासलेलं पुस्तक, कुणी तरी ह्या वाटेनं एकदा चालून गेलंय, असं तिला वाटलं. कोरं पुस्तक घ्यायची तिची छातीच झाली नसती.

घरी आणून तिनं रबरानं सगळी उत्तरं खोडायला घेतली. दुपारी पोरं निजली की हे काम. लाल पेनाच्या खुणा मात्र रबरानं जाईनात, आणि त्या ठेवून चालणार नव्हतं. लाल शाई दिसली की नागू उजवा हात खिशात घालायचा, एकदा तर त्यानं चड्डी ओली केली. म्हणून भामानं दाढीच्या ब्लेडनं लाल शाई खरवडून काढली. बरोबरची खूणही गेली, चुकीची फुलीही गेली. कशातलं काय गेलं हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पण खोडताना तिला एक गोष्ट सापडली. ऋचा पेन्सिल दाबून लिहायची. उत्तर पुसलं तरी कागदावर त्याची चरी राहायची. पान खिडकीशी तिरकं धरलं की चरी वाचता यायची. बस्स, भामाला किल्ली सापडली. पोरं लिहायची, भामा पान उजेडाला धरायची, चरी आणि उत्तर जुळलं की म्हणायची, "शाब्बास." इंग्रजीचं अक्षर न येता तिनं इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. घरात ऋचा ही एक न बघितलेली मावशी होऊन बसली. "ऋचा काय म्हणते?" "ऋचा म्हणते बरोबर आहे."

दसऱ्याला ऋचाची पुस्तकं पूजेला बसली. अप्पारावांनी त्यांच्यावर फोक आडवा ठेवला. भामानं तो पूजा झाल्यावर उचलून माळ्यावर टाकला. संध्याकाळी तो पुन्हा खुंटीला. तिनं टाकायचा, त्यांनी काढायचा. सहा महिने दोघं त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीत.

अनुराधा भराभर पुढं गेली. नागूचं गाडं रखडत होतं. बोट जुळलं होतं पण वाकडं जुळलं होतं, पेन्सिल धरली की दुखायचं. विचारल्यावर उत्तर द्यायचा नाही, तोंडात मुळी आवाजच नसायचा. खाटेवरून अप्पाराव म्हणायचे, "दोन ठेवून दे, भामे. बोलेल." गल्लीतली पोरं त्याला 'मुतऱ्या' म्हणायची, एकदा त्यांनी त्याला नळापाशी धरून बुकललं. ओठ फाटला. तेव्हाही पोरगं घरी येऊन म्हणालं, दारात सापडलं.

एप्रिल उजाडला. परीक्षेला दोन महिने. शिवराज रोज रात्री जेवताना विचारायचा, "उदगीरचं तिकीट काढू?" हसत विचारायचा, आणि ते हसणं मारण्यापेक्षा वाईट होतं.

त्या दुपारी उकाडा मी म्हणत होता. नागू एका गणिताशी अडला होता. इंग्रजी वाक्यांतलं गणित, भामाला त्यातले दोन आकडेच वाचता येत होते, पाच आणि सेहेचाळीस. नागूनं उत्तर लिहिलं, चौदा. भामानं पान खिडकीला धरलं. चरी म्हणत होती, चार.

"चूक. पुन्हा कर."

त्यानं पुन्हा केलं. चौदा.

"ऋचा चार म्हणते."

"चौदा," नागू म्हणाला. सहा महिन्यांत पोरगं पहिल्यांदा उलट बोललं होतं. खरं तर तिनं साखर वाटायला हवी होती. पण जून डोक्यावर होता, सकाळीच शिवराजनं पाठीत गुद्दा घातलेला, वर खाटेवरून म्हातारा बघत होता.

"चार लिही."

"चौदा."

तिचा हात खुंटीकडं कधी गेला ते तिला कळलंच नाही. फोकाची शीळ मात्र तिनं ऐकली, लहानपणी ऐकलेली तीच. पहिला फटका दंडावर बसला. दुसरा पाठीवर, सदऱ्यावरून रक्त आलं. तिसऱ्याला हात उचलला तर नागू रडत नव्हता. तो सरळ उभा राहिला होता आणि त्यानं उजवा हात पुढं केला होता, तळवा वर, वाकडं बोट जमेल तेवढं सरळ करून. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. मोजायची तयारी करत होता.

"आता आलं तुला शिकवायला," अप्पाराव खाटेवरून म्हणाले. शाबासकीच होती ती, मनापासून दिलेली.

भामाचा हात तिथंच थांबला. मागून अनुराधा पुस्तक ओढून घेत म्हणाली, "आई, थांब. मी वाचते." आणि तिनं आईच्या कानाशी, हळू, इंग्रजीवरून मराठी करत वाचलं. "एका माणसाकडं पाच डझन केळी होती. सेहेचाळीस विकली. किती उरली?"

भामा रोज केळी घेणारी बाई. डझनाचा हिशोब तिला झोपेत विचारला असता तरी आला असता. साठातून सेहेचाळीस. चौदा.

अनुराधा तशीच कुजबुजत पानाच्या तळाशी बोट फिरवत होती. "इथं पण चरी आहे. चौदा, चौदा, चौदा. पाच वेळा लिहिलंय. ऋचाचं चुकलं होतं, आई. तिला पाच वेळा लिहायला लावलं असणार."

भामानं पुस्तक उचललं आणि खाटेपुढं धरलं. "अप्पा, हे गणित सोडवा."

अप्पारावांनी चष्मा लावला. आकडे बघितले. "पाचातून सेहेचाळीस जात नाहीत. छापताना चुकलंय. उलटं केलं तर एकेचाळीस."

"एकेचाळीस?"

"एकेचाळीस."

"चूक, मास्तर." लग्नाला तेरा वर्षं झाली होती, ह्या घरात तिनं त्यांना मास्तर कधी म्हटलं नव्हतं. "तुमच्या शाळेत काय नियम होता? ज्याचं बरोबर त्यानं ज्यांचं चुकलं त्यांना एकेक द्यायची. मला आठवतं. माझ्या पोटरीवर सावंताच्या गंगूनं मारली होती, तुम्ही उभं राहून मारायला लावली होती. हळू मारली म्हणून पुन्हा मारायला लावली."

अप्पारावांनी चष्मा काढून उशाशी ठेवला.

भामानं फोक नागूच्या हातात दिला, त्याच्यापुढं गुडघे टेकले आणि तळवा पुढं केला. "मार. माझं चुकलं."

पोरगं फोकाकडं बघत राहिलं. मग त्यानं मारलं. हळू नाही, दोन्ही हातांनी धरून, दात खाऊन मारलं. एकदा, दोनदा, पाच वेळा, मोजमाप सोडून. तळव्यावर, मनगटावर, एक चुकून कानावर. सहा महिने जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्याच्या खांद्यांतून निघत होतं. भामानं हात मागं घेतला नाही. अनुराधा रडायला लागली तेव्हा तो थांबला, धापा टाकत.

खाट कुरकुरली. अप्पाराव उठून बसले होते. त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि हात पुढं केला.

"नियम तो नियम," ते म्हणाले. "हळू मारलीस तर पुन्हा मारायला लावीन."

नागूनं एकच मारली. शीळ वाजली. म्हाताऱ्याच्या पातळ कातडीवर रेघ उमटली आणि तिला लगेच रक्ताचे मणी फुटले. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो बारीक, पोरासारखा निघाला. पस्तीस वर्षं त्यांनी तो फोक चालवला होता, तो लागतो कसा हे त्यांना त्या दुपारी कळलं असावं. ते पुन्हा आडवे झाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

संध्याकाळी शिवराज आला. बायकोचा हात हळदीनं पिवळा, पोराच्या पाठीला खोबरेल, बापाच्या तळव्याला फडकं. जेवायला बसल्यावर त्यानं विचारलं, "अप्पा, हाताला काय झालं?"

भामाच्या हातातली पळी थांबली. बापाला मारलं म्हटल्यावर आज तो तिला जिवंत ठेवणार नाही आणि पोरं उद्याच्या बसनं उदगीरला जाणार, हे तिला दिसत होतं.

"दारात सापडला," अप्पाराव म्हणाले आणि भात कालवायला लागले.

नागूनं ताटातून मान वर करून आज्जाकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

चार दिवसांनी अप्पाराव गावी गेले. एकटे गेले. फोक भामानं तुळशीच्या कुंडीत आधाराला खोचून ठेवला होता, तो त्यांनी मागितला नाही.

जूनमध्ये विद्यानगरला परीक्षा झाली. दोघंही पास झाली, नागू काठावर. तिथल्या बाई चांगल्या होत्या, हसऱ्या. भामानं एवढंच विचारलं, "इथं मारता?"

"थोडंफार सगळीकडं असतं," बाई म्हणाल्या. "मारणार नाही असं लेखी नाही देता येणार."

अनुराधाला शाळेत जायचंच होतं, ती गेली. नागूचा हात भामानं धरला आणि त्याला परत घरी आणलं. शिवराजनं हात उगारला तेव्हा ती फूटपट्टीवाल्या दिवशी उभी होती तशीच उभी राहिली. म्हणाली, "पास झाला तर ठीक असं तुम्हीच म्हणाला होता. पास झालाय. आता कुठं शिकायचं ते मी बघते." शिवराजनं त्या दिवशी हात खाली घेतला. कायमचा घेतला असं नाही म्हणता यायचं, पण त्या दिवशी घेतला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उदगीरच्या बसनं एक पुडकं आलं. आत मराठी तिसरीची पुस्तकं, नवी कोरी. वर पोस्टकार्ड. अक्षर अप्पारावांचं, जरा हललेलं. खुशालीच्या दोन ओळी, मग लिहिलं होतं, तालुक्याच्या एका मास्तरांकडून ते केळ्यांचं गणित समजून घेतलं. उत्तर चौदा बरोबर आहे. नागनाथास सांगणे.

भामानं ते मोठ्यानं वाचलं. नागू पाटीवर एकांची सरस्वती काढत होता. वर न बघता म्हणाला, "मला माहीत होतं."

तिला भरून आलं. त्याच्या डोक्यावरून फिरवावा म्हणून तिनं हात उचलला, तर पोरगं पाटी सोडून झटकन खाली वाकलं, दोन्ही कोपर कानांवर.

भामानं हात तसाच खाली आणला, जमिनीवर उताणा ठेवला आणि बसून राहिली. बऱ्याच वेळानं नागूनं कोपर काढले. तिच्या हाताकडं बघितलं. मग खडू उचलून सरस्वतीचा राहिलेला पाय काढायला लागला.